पायरी

पहिलं ईमेल आलं तेव्हा मी हसले होते.
"प्रिय मिस्टर वझल, जिना आता तुमचा शत्रू नाही."
मी मिस्टर नाही.
माझ्या आडनावातला वार त्यांनी गाळला होता
(तो मी पुढे केला),
आणि माझ्या घराला जिनाच नाही.
बैठं घर, डार्लिंग्टन, स्टेशनच्या मागे,
उंबरठा इतका बुटका
की गोगलगाय न अडखळता आत येते.

नको म्हणून कळवलं. नम्रपणे,
इथला नम्रपणा किमान तीन ओळींचा असतो.
दुसऱ्या दिवशी दोन आली.
खाली मुंगीच्या अक्षरात : नाव काढून टाका.
दाबलं की म्हणायचं, आपले आभार,
आणि तिसरं यायचं.

एकतीस वर्षं बस डेपोत हिशेब लिहिले.
लोक रागावले की ओरडतात, मी मोजते.
एकशे बारा, जानेवारी ते आषाढ,
छापून, भोकं पाडून, निळ्या फायलीत.

बहीण फोनवर म्हणाली, अगं कुमुद,
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
मी जाऊन पाहून आले.
इथल्या कोर्टाला पायरी नाही.
उतार आहे, व्हीलचेअरसाठी, लोखंडी कठड्याचा,
आणि दारातला माणूस पर्स उघडून बघतो.
त्याला माझी आवळासुपारी संशयास्पद वाटली.

फॉर्म भरला. पस्तीस पौंड फी.
"नुकसान किती" असा एक रकाना होता,
तिथे पेन धरून बराच वेळ बसले.
एका ईमेलला अर्धं मिनिट, गुणिले एकशे बारा,
छप्पन मिनिटं.
पण कुठल्या दराने लावू?
डेपोतल्या, की आत्ताच्या,
ज्यात मला दुसरं कुणी लिहीतच नाही?
दोनशे चाळीस लिहून टाकले.

मला वाटलेलं, कंपनी म्हणजे काचेची इमारत, दोन वकील.
आला डीन ऑटरबर्न, हार्टलपूलहून, एकटा,
दुसऱ्या कुणाच्या तरी कोटात, बाह्या बोटांपर्यंत.
तळलेल्या माशाचा वास येत होता.
ऑफिस दुकानाच्या वर आहे, त्यानेच सांगितलं,
कुणी विचारलं नव्हतं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, संमती दाखवा.
त्याने कागद उलटसुलट केले.
यादी विकत घेतली होती, चाळीस हजार नावं.
म्हणजे मी एक पेनीलाही पडले की नाही,
ते काही त्याला सांगता येईना.
आणि लिफ्ट किती खपल्या?
हा प्रश्न बाईंचा नव्हता, माझ्याच तोंडून निसटला.
"एकही नाही," तो म्हणाला.
"उत्तर फक्त तुमचं आलं."

निकाल बारा मिनिटांत. माझ्या बाजूने.
बाहेर उतारावर कठडा धरून उभा होता,
बस कुठून मिळते म्हणाला.
मी सांगितलं : थांबा, नंबर, स्टॉकटनला बदल,
शेवटची किती वाजता, तेसुद्धा.

हप्ते ठरले, महिन्याला वीस पौंड.
भरले की ईमेलने कळवायचं.
एक तारखेला येतं ते,
आणि माझा कॉम्प्युटर, एवढ्यात फार शहाणा झालेला,
नाव बघताच सरळ कचऱ्यात टाकतो.

म्हणून दर एक तारखेला, चहा घेऊन,
मी कचरा उपसत बसते.
गुडघ्यांची मलमं, मी जिंकलेले फोन,
दूरदेशीच्या राजपुत्राची अडकलेली इस्टेट,
आणि मधेच कुठेतरी :
"प्रिय मिस वझलवार, वीस पाठवले. इकडे वारा फार. डीन."
पूर्ण आडनाव. वारासकट.

मार्चचा अजून आलेला नाही.
आज चार तारीख.
दुसऱ्यांदा चाळतेय, अगदी तळापर्यंत.